जुने कुंगफू पिक्चर बघायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एका शनिवारी रात्री आमच्या घरी पाच-सात जण जमतात आणि आम्ही एक जुना मारामारीचा पिक्चर लावतो. नवीन माणूस आला की तेच तेच प्रश्न येतात, आणि मला उत्तरं द्यायला आवडतात, पण पिक्चर चालू असताना बोललं की बाकीचे ओरडतात. म्हणून सगळं एकदा इथे लिहून ठेवतेय.

जुने कुंगफू पिक्चर म्हणजे नेमके कुठले?

मी मुख्यतः हाँगकाँगचे आणि थोडे तैवानचे म्हणतेय, साधारण १९६६ ते १९९० च्या आसपासचे. त्याआधीही होते. वाँग फेइ-हुंग नावाचा दक्षिण चीनमधल्या कँटनकडचा एक खरा वैद्य आणि कुंगफूचा गुरु होऊन गेला, त्याच्यावर १९४९ पासून क्वान तक-हिंग या नटाला घेऊन सत्तरच्या वर पिक्चर निघाले, आणि त्यातला नेहमीचा व्हिलन शिह किएन, हाच पुढे 'एंटर द ड्रॅगन'मध्ये लोखंडी पंजावाला हान झाला. पण आज आपण ज्याला कुंगफू पिक्चर म्हणतो तो साठच्या दशकात शॉ ब्रदर्सच्या स्टुडिओत घडला. रन रन शॉ या माणसाने हाँगकाँगमध्ये क्लिअर वॉटर बे इथे डोंगरउतारावर १९६१ मध्ये आख्खं चित्रनगरच उभं केलं, सेट, शिवणकाम, लॅब, नटांची राहायची सोय, सगळं तिथेच. एकाच गल्लीच्या सेटवर शेकडो पिक्चर झालेत. थोडे बघितलेत की तो पूल आणि ते दोन मजली खानावळीचं घर तुम्हालाही ओळखू यायला लागेल आणि त्यात एक वेगळीच मजा आहे, आपल्या गावातली गल्ली दिसल्यासारखं होतं.

१९७० मध्ये रेमंड चाऊ शॉ सोडून बाहेर पडला, त्याने गोल्डन हार्वेस्ट काढली, ब्रूस लीला आणलं, नंतर जॅकी चॅन, सॅमो हंग तिथेच मोठे झाले. शॉने ऐंशीच्या दशकाच्या मधे थिएटरच्या पिक्चरचं काम जवळपास बंद केलं आणि टीव्हीकडे वळले. बाकी बारीक इतिहास सोडून देते.

मी एकही बघितलेला नाही, सुरुवात कुठून करू?

'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', १९७८. मी कुणालाही आधी हाच दाखवते आणि आजपर्यंत कुणी मधे उठून गेलेलं नाही. गॉर्डन लिउ हिरो, लाउ कार-लेउंग डायरेक्टर. गोष्ट दोन ओळीची आहे, एका विद्यार्थ्याचं घरदार अत्याचारी राजवटीत उद्ध्वस्त होतं, तो कसाबसा शाओलिन मठात पोचतो आणि तिथे शिकून परत येतो. पण पिक्चरचा मधला मोठा भाग फक्त शिकणं आहे. एकेक खोली, एकेक परीक्षा. जेवायच्या खोलीत जायचं तर मधे पाणी, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांच्या मोळीवर पाय टाकून पलीकडे जायचं, जमलं नाही तर भिजायचं आणि उपाशी राहायचं. मग दोन्ही हात आडवे पसरून पाण्याच्या बादल्या चढावर न्यायच्या, आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या, म्हणजे हात खाली आला की पातं बरगडीत. लांब बांबूच्या टोकाला जड वजन लावून नुसत्या मनगटाने घंटा वाजवायची. ज्यांनी गावच्या तालमीत पहाटे पोरांना जोर-बैठका मारताना बघितलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. सिफू म्हणजे आपला वस्तादच, तसाच कमी बोलणारा.

त्यानंतर 'ड्रंकन मास्टर', तोही १९७८ चा, म्हणजे हसायला पण मिळेल. मग 'कम ड्रिंक विथ मी', १९६६. मग 'पोलीस स्टोरी', १९८५. हे चार वेगवेगळ्या चवीचे आहेत, त्यातला जो आवडेल त्या दिशेने पुढे जा, सगळेच आवडायला पाहिजेत असं काही नाही. ब्रूस ली मुद्दाम आधी ठेवलेला नाही, त्याचं खाली सांगते.

सगळं एवढं नाटकी का असतं? हसू येतं.

येऊ दे की. मलाही पहिल्यांदा आलं. पण दहा मिनिटं दम धरा आणि माझं एक ऐका, चेहऱ्याकडे बघू नका, पायाकडे बघा. खरंच सांगते, पूर्ण पिक्चर बदलतो.

हे लोक अ‍ॅक्टिंग शिकून आलेले नव्हते, यातले बरेच जण चिनी संगीत नाटकातून आलेले, ज्याला जग पेकिंग ऑपेरा म्हणतं. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ, युएन वाह, कोरी युएन हे सगळे लहानपणी हाँगकाँगमध्ये एकाच गुरुकडे, यू जिम-युएनकडे, राहून शिकलेले. गाणं, कोलांट्या, तोंडाला रंग लावणं, हातात तलवार घेऊन तालावर लढणं. गुरुचं नाव म्हणून त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी 'युएन' लावलं. त्यामुळे पिक्चरमध्ये मारामारी रस्त्यावरच्या भांडणासारखी दिसत नाही, दिसायलाच नको आहे. वार होतो, मग दोघं एक क्षण पुतळ्यासारखे थांबतात, मग तीन-चार वार सटासट, परत थांबतात. त्या थांबण्यात तुम्हाला कळतं काय झालं ते. ऑपेरात त्या जागेला झांज वाजते.

आम्ही सिंधुदुर्गातले, आणि मला याचं नवल वाटायचं बंद झालं ते आईमुळे. तिला एकदा 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' दाखवत होते, ती भाजी निवडत बसलेली, आणि व्हिलन आला, मिशी कुरवाळली, पाय आपटला, पोज घेतली तशी ती म्हणाली, "अगो, ह्यो तर आपल्या धयकाल्यातलो राक्षस!" आणि बरोबरच आहे. धयकालो म्हणजे आमच्याकडचं दशावतारी लोकनाट्य, त्यात राक्षस येतो तेव्हा पखवाज आणि झांजेवर येतो, देवाशी लढतो तेव्हा गोल फिरून, तलवार तलवारीला लावून, तालावर लढतो, त्याला कोणी 'खोटं' म्हणत नाही. तिथे ज्या नजरेने बसता त्याच नजरेने इथे बसा.

ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं का?

कारण शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्ड करायचेच नाहीत. जवळपास सगळे हाँगकाँगचे पिक्चर सत्तर-ऐंशीच्या दशकात मुके शूट व्हायचे आणि नंतर स्टुडिओत डबिंग. सेटवर एक नट मँडरिन बोलतोय, समोरचा कँटनीज, कोरियातून आलेला तिसरा आणखी काहीतरी, कोणाचंच अडत नव्हतं. इंग्रजी डबिंगसुद्धा हाँगकाँगमध्येच राहणारे मूठभर लोक करायचे, म्हणून दहा पिक्चर बघितले की तोच आवाज कधी म्हाताऱ्या गुरुचा कधी गुंडाचा येतो.

त्यामुळे 'ओरिजिनल आवाज' शोधायला गेलात तर तसा तो नाहीच. माझा ढोबळ नियम असा की शॉचा साठ-सत्तरचा पिक्चर असेल तर मँडरिन लावा, ऐंशीतला जॅकी किंवा सॅमो असेल तर कँटनीज, विनोद त्यातच आहे. 'एंटर द ड्रॅगन' इंग्रजीत, कारण तो इंग्रजीतच केलाय आणि तिथे ब्रूस लीचा स्वतःचा आवाज आहे. आणि सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर इंग्रजी डबिंग लावा, त्यात काही कमीपणा नाही, जगभर कित्येक लोक या पिक्चरच्या प्रेमात त्या डबिंगमधूनच पडलेत.

म्यूझिक कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं, भास होतो का?

भास नाही. वेळ कमी, पैसे कमी, त्यामुळे तयार रेकॉर्ड उचलून लावायचे. 'किंग बॉक्सर'मध्ये (१९७२) हिरोच्या हाताला ताकद येते तेव्हा वाजणारा तो सायरन अमेरिकन टीव्हीवरच्या 'आयर्नसाइड' सिरियलचा आहे, क्विन्सी जोन्सचा. 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'ला नॉय या जर्मन बँडचं म्यूझिक आहे आणि ते इतकं फिट बसलंय की आता वेगळं ऐकवत नाही.

एवढे फास्ट कसे लढतात? आणि खरंच उडतात का?

लढतात ते खरंच, फक्त कॅमेऱ्याची थोडी मदत असते. सेकंदाला २४ फ्रेम चालतात, पण मारामारीच्या वेळी कॅमेरा २२ किंवा २० वर चालवला की पडद्यावर सगळं जरा चपळ दिसतं. जास्त केलं की लोक बाहुल्यांसारखे टकटक हलायला लागतात, ते ओळखू येतं.

उडायला छोटी ट्रॅम्पोलिन, तारा, आणि कधी उलटं शूट करणं, म्हणजे माणूस भिंतीवरून खाली उडी मारतो आणि फिल्म उलटी फिरवली की तो वर गेला. पण उडण्याचा खरा जादूगार म्हणजे डायरेक्टर किंग हू. त्याच्या 'अ टच ऑफ झेन'मधली बांबूच्या बनातली लढाई बघा, त्यात तो उडी पूर्ण दाखवतच नाही, पायाचा एक तुकडा, पदराचा एक तुकडा, पानं हलली, आणि माणूस दुसरीकडे. तुमचं डोकंच मधली उडी भरून काढतं. हा पिक्चर तीन तासांचा आहे आणि पहिला तासभर एकही फाईट नाही, नुसतं गवत, धुकं, पडका किल्ला आणि कोण कोणावर नजर ठेवतंय ते, म्हणून नवीन माणसाला मी लगेच दाखवत नाही, पण १९७५ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला तंत्रासाठीचं मोठं बक्षीस मिळालं ते उगीच नाही. पावसाळ्यात संध्याकाळी लाइट मंद करून बघा.

याच्या बरोबर उलटा लाउ कार-लेउंग. तो कॅमेरा मागे ठेवतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतात आणि एका शॉटमध्ये दहा-बारा वार होतात. त्याला लपवायचं काहीच नव्हतं, कारण तो स्वतः त्या परंपरेतला, वर सांगितलेल्या वाँग फेइ-हुंगचा शिष्य लाम साय-विंग, त्याचा शिष्य म्हणजे याचे वडील. म्हणून त्याच्या पिक्चरमध्ये नुसतं 'मारलं' असं नसतं, कुठली पद्धत, तिला तोड काय, ती तोड चुकली तर काय, सगळं दिसतं. 'चेंबर'मध्येच हिरो मठातल्या एका सिनियरकडून पुन्हा पुन्हा हरतो आणि मग विचार करकरून तीन तुकड्यांची साखळीजोड काठी बनवतो, तो प्रसंग मला प्रत्येक वेळी तितकाच आवडतो, कारण तिथे ताकद नाही तर डोकं जिंकतं.

जॅकीचे स्टंट तर खरेच. 'प्रोजेक्ट ए'मध्ये (१९८३) घड्याळाच्या मनोऱ्यावरून कापडी छतं फाडत खाली पडतो, 'पोलीस स्टोरी'त मॉलच्या मधोमध दिवे लावलेल्या खांबावरून घसरत येतो, हात भाजले होते त्याचे. 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटीला मार लागला, जीवावर बेतलं होतं. हे सांगताना मला अभिमान आणि काळजी दोन्ही वाटतं, मागे पडणाऱ्या बिननावाच्या स्टंटवाल्यांबद्दल तर जास्तच, काचेतून फेकलेला माणूस उठतो का ते मी अजून बघते.

सगळ्यांची स्टोरी एकच कशी? गुरु मारला, बदला घेतला.

हो, बऱ्याच पिक्चरची तीच आहे. पण कीर्तनाला जाता तेव्हा गोष्ट माहीत नसते का? बुवा कशी सांगतात ते ऐकायला जातो. इथेही तेच बघायचं, बदला घ्यायला काय शिकला आणि ते शेवटच्या फाईटमध्ये कसं वापरलं. चांगल्या पिक्चरमध्ये ट्रेनिंगमधली प्रत्येक गोष्ट शेवटी परत येते. 'ड्रंकन मास्टर'मध्ये आठ दारुड्या देवांच्या आठ पद्धती असतात, जॅकी सात मन लावून शिकतो आणि आठवी बायकी आहे म्हणून टाळतो, आणि शेवटी ह्वांग जांग-लीसारखा पायाचा राक्षस समोर उभा राहिल्यावर नेमकी तीच लागते. (ह्वांग जांग-ली हा खरोखरचा तायक्वांदोचा शिक्षक. त्याच्या लाथा बघण्यासाठी मी अगदी टुकार पिक्चरसुद्धा शेवटपर्यंत बघितलेत.)

आणि सगळ्यांची नाही हं स्टोरी एक. 'फाइव्ह व्हेनम्स' (१९७८, डायरेक्टर चांग चेह) सरळ सरळ रहस्यकथा आहे, एका गुरुचे पाच शिष्य, गोम, साप, विंचू, पाल आणि बेडूक अशा पाच पद्धती, सगळे मुखवटे घालून शिकलेले त्यामुळे कोण कोण आहे कोणालाच धड माहीत नाही, आणि सहावा शिष्य ते शोधायला निघतो. 'मिस्टर व्हँपायर'मध्ये (१९८५) तर उड्या मारत येणारी प्रेतं आणि कपाळाला पिवळा कागद चिकटवून त्यांना थांबवणारा मांत्रिक, लाम चिंग-यिंग.

डोक्याचा पुढचा भाग तासलेला आणि मागे वेणी, हे सगळे पुरुष असे का?

हे समजलं की अर्ध्या पिक्चरचा राग समजतो. १६४४ मध्ये मांचू लोकांनी चीन घेतला आणि छिंग राजवट सुरू केली, ती १९१२ पर्यंत चालली. त्यांनी सगळ्या चिनी पुरुषांवर ही वेणी सक्तीने लादली, नाही ठेवली तर मृत्युदंड. म्हणजे पडद्यावर दिसणारी प्रत्येक वेणी ही परक्या सत्तेची खूण आहे. हिरो लोक 'छिंग घालवा, मिंग परत आणा' म्हणणारे (मिंग म्हणजे मांचूंच्या आधीची चिनी राजवट), मठ म्हणजे त्यांचं लपायचं ठिकाण, आणि मठ जाळला जातो ही दंतकथा शेकडो वेळा येते. पांढऱ्या भुवयांचा म्हातारा दिसला, दाढी झटकत, तर तो पाइ मेइ, शाओलिनशी गद्दारी करणारा, 'एक्झिक्युशनर्स फ्रॉम शाओलिन'मध्ये (१९७७) लो लिएने केलाय. गंमत म्हणजे पुढे २००४ मध्ये 'किल बिल'च्या दुसऱ्या भागात हाच पाइ मेइ गॉर्डन लिउने केला, म्हणजे ज्याने आयुष्यभर शाओलिनची बाजू लढवली त्यानेच.

मग ब्रूस ली?

ब्रूस ली वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवावा असं माझं मत आहे. तो आधी बघितलात तर बाकीचे हळू वाटतात, आणि बाकीचे आधी बघितलेत तर त्याने काय मोडून टाकलं ते कळतं. तो ऑपेरावाला नव्हता. थांबणं, पोज, लांबलचक वार-प्रतिवार हे सगळं त्याने काढून टाकलं, तीन सेकंदात तीन माणसं खाली, आणि मधली ती शांतता. 'बिग बॉस' १९७१, 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि 'वे ऑफ द ड्रॅगन' १९७२, 'एंटर द ड्रॅगन' १९७३. हिरो म्हणून पूर्ण केलेले एवढेच चार, आणि चौथा लागायच्या आधीच २० जुलै १९७३ ला तो गेला. ३२ वर्षांचा.

माझा सगळ्यात आवडता 'वे ऑफ द ड्रॅगन', तो त्याने स्वतः लिहिला आणि डायरेक्ट केला. रोमच्या कॉलोसियममध्ये चक नॉरिसबरोबरची फाईट, त्याआधी दोघं शांतपणे अंग मोकळं करतात, बोटं मोडतात, बाजूला मांजराचं पिल्लू बघतंय. आणि शेवटी हरलेल्या माणसावर ब्रूस ली त्याचाच ड्रेस पांघरतो, तिथे मला दर वेळी भरून येतं.

आपल्याकडे 'एंटर द ड्रॅगन' १९७५ मध्ये लागला, मुंबईत न्यू एक्सेलसिअरला कित्येक आठवडे गर्दी खेचत होता. आमच्या घरी बाबा त्या आठवणी सांगायचे, आणि दादाच्या खोलीत त्याचं पोस्टर लग्न होईपर्यंत होतं. त्या पिक्चरमध्ये सुरुवातीच्या फाईटमध्ये समोर आहे तो सॅमो हंग, आणि भुयारातल्या मारामारीत ज्याची मान मोडतो तो जॅकी चॅन. कोलांटीच्या वेळी ब्रूस लीच्या जागी युएन वाह असतो. नीट बघा.

ब्रूस ली नाव आहे पण माणूस दुसराच, हे काय?

तो गेल्यावर नफ्यासाठी निघालेले पिक्चर. ब्रूस ली च्या जागी ब्रूस लाय, ब्रूस ले, ड्रॅगन ली, स्पेलिंग एका अक्षराने वेगळं, काळा चष्मा आणि नाकाला अंगठा पुसणं तेच. आमच्याकडे व्हीसीआर भाड्याने आणायचे तेव्हा कॅसेटवाल्याने असे कितीतरी खपवले आणि आम्ही पोरं रात्रभर 'हा तो नाहीये' म्हणत बघायचो. यातला तैवानचा हो चुंग-ताओ खरं तर चांगला नट होता, त्याला हे दुसऱ्याचं नाव लावायला लागलं याचं मला वाईट वाटतं. 'गेम ऑफ डेथ'चं (१९७८) म्हणाल तर ब्रूस लीच्याच अंत्ययात्रेचं खरं शूटिंग त्यात घातलंय, ते बघवत नाही. शेवटच्या पॅगोडातल्या फाईट तेवढ्या बघा, पिवळा ड्रेस, समोर बास्केटबॉलवाला करीम अब्दुल-जब्बार, त्या मात्र ब्रूस लीच्या स्वतःच्या आहेत.

यात बायका फक्त पळवून न्यायला असतात का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. नाही! हा प्रकारच बाईने सुरू केला म्हटलं तरी चालेल. 'कम ड्रिंक विथ मी'मधली चेंग पेइ-पेइ विशीची होती, बॅले शिकलेली, आणि किंग हूने तिला तलवार दिली. खानावळीत ती एकटी टेबलाशी बसलीये, भोवती गुंड, कोणी पैसे फेकतं, कोणी बाक फेकतं, आणि ती जागेवरून फार हलतही नाही. तीच पुढे २००० मध्ये 'क्राउचिंग टायगर'मधली म्हातारी खलनायिका झाली. 'अ टच ऑफ झेन'ची श्यू फेंग, जी नंतर निर्माती झाली आणि तिच्या 'फेअरवेल माय कॉन्क्यूबाइन'ला १९९३ मध्ये कानचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. अँजेला माओ, तिचा 'हापकिडो' (१९७२) बघा, 'एंटर द ड्रॅगन'मध्ये ती ब्रूस लीची बहीण आहे आणि पाचेक मिनिटांत तिची जागा कोणी घेऊ शकत नाही हे कळतं. कारा हुईला 'माय यंग आंटी'साठी १९८२ च्या पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं. आणि मिशेल योह, 'येस, मॅडम!' (१९८५), आधी नाचाची मुलगी, मारामारी सेटवर शिकली.

मी आठवीत असताना कराटेच्या क्लासला नाव घालायला गेले तर 'मुलींची बॅच नाही' म्हणून परत पाठवलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी चेंग पेइ-पेइला बघितलं तेव्हा ते पुन्हा आठवलं, आता भाचीला घेऊन बसते तेव्हा हाच पिक्चर लावते.

भारताचा काही संबंध आहे का?

आहे, पण जपून बोलायला पाहिजे. शाओलिनची दंतकथा बोधिधर्मावर येते, आणि तो भारतातून गेलेला भिक्षू. पण त्याने तिथे युद्धकला शिकवली ही गोष्ट खूप नंतरच्या लिखाणातली आहे, इतिहासकार ती मानत नाहीत, त्यामुळे 'कुंगफू आपणच शिकवलं' असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'मध्ये (१९७६) एक भारतीय योगी आहे ज्याचे हात रबरासारखे लांब होतात, नट भारतीय नाही, तोंडाला काळा रंग फासलेला, ते बघून मला बरं वाटलं नाही, पण पिक्चरची ती स्पर्धा अफाट आहे. आणि आपल्या बाजूने सांगायचं तर 'मर्द को दर्द नहीं होता' हा आख्खा पिक्चर मुंबईतल्या पोरांच्या कॅसेटवरच्या कुंगफू वेडाबद्दल आहे.

एकाच माणसाची चार नावं का दिसतात?

मँडरिन, कँटनीज आणि इंग्रजी. गॉर्डन लिउ म्हणजेच लिउ चिया-हुई म्हणजेच लाउ कार-फाय. डायरेक्टर लाउ कार-लेउंगला कुठे कुठे लिउ चिया-लिआंग लिहितात. पिक्चरचंही तसंच, 'किंग बॉक्सर' अमेरिकेत 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' झाला. शोधताना वर्ष आणि डायरेक्टर बरोबर टाका.

कुठली कॉपी चांगली?

ओटीटीवरचे हक्क सारखे बदलतात म्हणून नाव देत नाही, पण एक सांगते, रुंद चित्र असलेलीच बघा. शॉचे पिक्चर शॉस्कोपमध्ये, म्हणजे उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद, आणि जुन्या कॅसेटमध्ये टीव्हीसाठी दोन्ही बाजू कापलेल्या असायच्या. लहानपणी मी जी काठीची फाईट बघितली होती त्यात मला काठीची टोकंच दिसली नव्हती, एक माणूस हवेत काहीतरी फिरवतोय आणि दुसरा आपोआप पडतोय. सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये शॉचे साडेसातशेच्या वर पिक्चर विकत घेऊन साफ केले, त्यानंतरच्या कॉप्यांमध्ये रंग बघा, तो लाल आणि निळा, मी तर अक्षरशः पहिल्यांदा बघतेय असं वाटलं.

मुलांना दाखवावे का?

जॅकीचा 'प्रोजेक्ट ए' बिनधास्त. शाओलिनचा 'चेंबर' दहा वर्षांच्या पुढे. चांग चेहचे नको, त्यात पोट फाडलेला हिरो आतडी धरून लढत राहतो. आणि आधी सांगा की काच, जिना, टेबल घरात वापरायचं नाही, आमच्या भाच्याने सोफ्यावरून लाथ मारून ट्यूबलाइट फोडलेली आहे.

जपानी सामुराई आणि निन्जा यांचं काय?

सामुराई म्हणजे वेगळं शास्त्र, त्यात पाच मिनिटं काहीच होत नाही आणि एका वारात संपतं. झाटोइची, आंधळा मालिशवाला, शिंतारो कात्सु, १९६२ पासून सव्वीस पिक्चर, कुठूनही सुरू करा. १९७१ मध्ये एका पिक्चरमध्ये तो आणि हाँगकाँगचा जिमी वांग यू, म्हणजे आंधळा आणि एका हाताचा, समोरासमोर येतात. निन्जाचे ऐंशीचे पिक्चर दादाला आवडतात, मला नाही. त्यातले काही तर अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या पिक्चरमध्ये निन्जाचे तुकडे जोडून बनवलेत.

एकट्याने बघू की सगळ्यांबरोबर?

सगळ्यांबरोबर, जमलं तर. किंग हू एकट्याने. आमच्याकडे नियम एकच, फोन बाजूला, आणि चांगला वार झाला की शिट्टी वाजवायची परवानगी. मराठी सबटायटल मिळत नाहीत त्यामुळे आईसाठी मी मोठ्याने मालवणीत सांगत जाते, आणि आता बाकीचेही इंग्रजी वाचायचं सोडून माझ्याकडेच कान लावतात.

शेवटची फाईट संपली की लगेच पिक्चर कसा काय संपतो?

व्हिलन पडला, चित्र गोठलं, 'द एंड'. कोणी घरी जात नाही, लग्न नाही, रडणं नाही. पहिल्यांदा सगळे विचारतात की झालं? एवढंच? हो, झालं, हिशोब मिटला. एका पिक्चरमध्ये मात्र हे जड जातं, 'एट डायग्राम पोल फायटर' (१९८४). शूटिंग चालू असताना अलेक्झांडर फू शेंग हा त्यातला एक हिरो गाडीच्या अपघातात गेला, त्याचं पात्र मधूनच नाहीसं होतं आणि सगळा भार गॉर्डन लिउवर येतो. शेवटच्या लढाईत शवपेट्यांचा ढीग आहे, त्यावर चढून तो काठी चालवतो, आणि लढाई संपली की तो घरी परतत नाही, एकटा निघून जातो. जिवंत माणसांनी आपल्या मेलेल्या दोस्तासाठी केलेला पिक्चर आहे तो, आमच्याकडे तो संपल्यावर कोणी लगेच लाइट लावत नाही.

जॅकीचे असतील तर मात्र क्रेडिट्स संपेपर्यंत उठू नका, तिथे चुकलेले शॉट असतात. पडलेला, हसणारा, रक्त पुसणारा, स्ट्रेचरवर चढवलेला, आणि मागे तीच गँग त्याला उचलायला धावत येताना.